चूक कोणाची, आणि इजा कशाने?

रस्त्यावर अपघात झाला की जमलेल्या माणसांत पहिला प्रश्न निघतो तो 'चूक कोणाची?' हा. न्यायाच्या दृष्टीने तो योग्यच आहे. परंतु त्याच्या उत्तराने पुढच्या अपघातातला माणूस वाचतोच असे नाही. अपघातांच्या नोंदींतून जीव वाचवण्याचे शास्त्र उभे राहिले ते एका माणसाने निराळा प्रश्न विचारल्यामुळे. त्याचा इतिहास आपण येथे पाहू.

१९१७ साली ह्यू डिहेवन हा अमेरिकन तरुण रॉयल फ्लाइंग कोअरमध्ये वैमानिकाचे शिक्षण घेत होता. टेक्सासमध्ये सराव चालू असताना त्याच्या विमानाची दुसऱ्या विमानाशी हवेतच टक्कर झाली. विमान कोसळले, पण डिहेवन वाचला. त्याच्या पोटातील अवयवांना मात्र गंभीर इजा झाल्या होत्या. लोकांनी दैव बलवत्तर म्हणून सोडून दिले. डिहेवनचे त्याने समाधान झाले नाही. विचार करता त्याच्या लक्षात आले की आपण बसलो होतो ती जागा चेपली नाही म्हणून आपण वाचलो, आणि पोटातली इजा झाली ती कमरेच्या पट्ट्याच्या बकलाने. म्हणजे वाचण्यालाही कारण होते आणि इजेलाही.

पुढे त्याने उंचावरून पडूनही वाचलेल्या माणसांची माहिती जमवली. अशा आठ घटनांचे विश्लेषण त्याने १९४२ साली प्रसिद्ध केले. त्यातील एक स्त्री सुमारे ५५ फुटांवरून बागेतल्या मातीवर पडली होती. मातीत ४ इंच खोल खळगा पडला. हे गणित आपले विद्यार्थीही करू शकतील. हवेचा रोध सोडून दिला, तर पडण्याची उंची भागिले थांबण्याचे अंतर केले की सरासरी मंदन गुरुत्व त्वरणाच्या किती पट होते ते मिळते. ५५ फूट म्हणजे ६६० इंच. त्याला ४ ने भागले की १६५ पट! तीच स्त्री दगडी फरशीवर पडती, तर थांबण्याचे अंतर इंचाच्या अंशाइतके उरले असते आणि ही पट कितीतरी वाढली असती. बळ शरीरावर पसरून, आडवे आणि क्षणभरच पडले तर माणूस गुरुत्वाच्या सुमारे २०० पटीपर्यंत सहन करू शकतो, असा निष्कर्ष डिहेवनने काढला. निरनिराळ्या जाडीच्या रबरावर अंडी टाकून त्याने घरीही प्रयोग केले होते. हा प्रयोग वर्गात सहज करता येईल.

त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या कॉर्नेल वैद्यकीय महाविद्यालयात डिहेवनने विमान अपघातांतील इजांचा अभ्यास सुरू केला. १९५० च्या सुमारास इंडियाना राज्याच्या पोलिसांच्या मदतीने तीच पद्धत मोटारींना लावली गेली, आणि १९५३ साली कॉर्नेलमध्ये त्यासाठी स्वतंत्र प्रकल्प निघाला. पोलीस आता मोटारीच्या आतही पाहू लागले: कोणती वस्तू वाकली, दार उघडले का, माणूस कुठे आदळला. डॉक्टर इजेचे वर्णन पाठवीत. हे दोन कागद एकत्र ठेवले की इजेचे कारण दिसे. स्टिअरिंगचा दांडा छातीत घुसे, समोरच्या फळीवर डोके आपटे.

सर्वांत महत्त्वाचा शोध दारांबाबतचा होता. टक्कर झाली की दारे उघडत आणि माणसे बाहेर फेकली जात. 'बाहेर फेकला गेला म्हणून वाचला' असे तेव्हा पुष्कळांना वाटे. आपल्याकडेही ते ऐकू येते. मोजणीने उलट उत्तर दिले. बाहेर फेकले गेलेल्यांना मृत्यूचा धोका आत राहिलेल्यांच्या सुमारे पाच पट होता. मग समज कसा रुजला? फेकले जाऊन वाचलेला माणूस आपली हकीकत सांगतो. मेलेल्याची हकीकत सांगायला कोणी नसते. म्हणून ऐकीव उदाहरणांवर न थांबता सर्वांची मोजदाद करावी लागते.

१९५६ च्या सुमारास कारखानदारांनी दारांची कुलपे मजबूत केली. अभ्यासकांनी पुन्हा मोजले, आणि नव्या कुलपांच्या मोटारींतून फेकले जाण्याचे प्रमाण घटलेले आढळले. १९५९ साली स्वीडनच्या व्होल्वो कंपनीत नील्स बोलिन यांनी तीन जागी बांधलेला पट्टा तयार केला. १९६७ साली त्यांनी २८ हजारांवर अपघातांचा अभ्यास मांडला. पट्टा न लावलेली माणसे ताशी २० किलोमीटरच्या आसपासच्या वेगातही मेली होती. पट्टा लावलेल्यांत ताशी ९६ किलोमीटरच्या खाली एकही मृत्यू नव्हता. त्याआधी १९६६ साली अमेरिकेने मोटारींच्या सुरक्षिततेचा कायदा केला, आणि त्यासाठी नेमलेल्या खात्याचे पहिले प्रमुख झाले विल्यम हॅडन हे सार्वजनिक आरोग्याचे डॉक्टर. अपघातापूर्वी, अपघाताच्या क्षणी आणि त्यानंतर असे तीन टप्पे, आणि प्रत्येक टप्प्यात माणूस, वाहन व परिसर असा त्यांचा तक्ता आजही वापरतात.

भारतात २०२२ साली रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. त्यांतील सुमारे ४४ टक्के दुचाकीवरची होती. अमेरिकेतील उत्तरे मोटारीत बसलेल्यांची होती, त्यामुळे ती उचलून येथे भागणार नाही. पद्धत मात्र तीच लागते. महामार्गाच्या साधारण ५०० मीटर पट्ट्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर इजा झालेले पाच अपघात घडले, किंवा दहा मृत्यू झाले, तर त्याला आपल्याकडे 'ब्लॅक स्पॉट' ठरवतात. २०२१ पासून पोलिसांच्या नोंदी संगणकावर एकत्र करण्याची योजनाही सुरू झाली. एकाच वळणावर निरनिराळे चालक पुनःपुन्हा 'चुकत' असतील, तर वळणाकडेही पाहायला हवे.

शाळेत याची सुरुवात एका वहीने करता येईल. मैदानात मूल पडले की वार, जागा, जमीन कशी होती आणि कुठे लागले, एवढेच लिहावे. मुलाचे नाव नको, दोष कोणाचा तेही नको. वर्षाअखेरीस मुलांनीच तक्ता करावा. कदाचित नळाजवळची निसरडी फरशी किंवा जिन्याची शेवटची पायरी त्यात पुनःपुन्हा दिसेल. ती दुरुस्त करावी, आणि पुढील वर्षी वही पुन्हा चालू ठेवावी.