सुई पोलादी की बांबूची? हौशी लोकांची मतं आणि इतिहासाचा पुरावा

पेटनंतरची मुलाखत असो की सिनॉप्सिसचं सादरीकरण, एक प्रश्न हमखास येतो: साधनं कुठली वापरणार? दप्तरखान्यातली कागदपत्रं, सरकारी अहवाल, वृत्तपत्रं अशी नावं घेतलीत की समोरची मंडळी माना डोलावतात. पण ‘लोकांची रोजच्या वापरातल्या वस्तूंबद्दलची मतं’ असं म्हणून बघा. लगेच कुणीतरी विचारणार, ‘अहो, मतं म्हणजे गप्पा झाल्या. यात इतिहास कुठे आला?’

प्रश्न रास्त आहे, आणि तुम्हाला रेडिओ, टेपरेकॉर्डर, मोबाइल, टीव्ही यांपैकी कशाचाही इतिहास लिहायचा असेल तर त्याचं उत्तर तयार ठेवावंच लागेल. कारण या विषयात तुमच्या हाती सगळ्यात जास्त येणार ती मतंच. ‘नव्या मशीनचा आवाज टोचतो.’ ‘जुनं होतं तेच बरं होतं.’ ‘एवढे पैसे घालून काय मिळालं?’ असली वाक्यं ढिगानं सापडतात. त्यांचं करायचं काय, हे आज एका जुन्या उदाहरणावरून बघू. उदाहरण आहे ग्रामोफोनच्या शौकिनांचं.

आधी एक सावधगिरी: मत म्हणजे भाकीत नव्हे

एडिसननं १८७७ मध्ये फोनोग्राफ बनवला. पुढच्याच वर्षी ‘नॉर्थ अमेरिकन रिव्ह्यू’ या नियतकालिकात त्यानं या यंत्राच्या उपयोगांची यादी दिली. यादीत पहिलं काय होतं माहितीये? पत्रं सांगणं आणि लिहून घेणं, म्हणजे ऑफिसचं काम. मग अंधांसाठी बोलकी पुस्तकं, मग वक्तृत्वाचं शिक्षण. संगीताचा नंबर त्यानंतर.

आपल्याला मोह होतो तो हसण्याचा. ‘बघा, खुद्द एडिसनलाही कळलं नाही!’ पण असं लिहिलंत तर तुमच्या हाती फक्त एक किस्सा उरतो. तीच यादी दुसऱ्या बाजूनं वाचा. १८७८ मधला एक हुशार संशोधक ‘आवाज साठवता येतो’ म्हटल्यावर सर्वात आधी कचेरीचा विचार करतो. घरात बसून, पैसे देऊन विकत घेतलेलं गाणं ऐकायचं, ही सवय तेव्हा अस्तित्वातच नव्हती. यंत्र आधी आलं, ग्राहक मागाहून घडला. एडिसनचं मत भाकीत म्हणून चुकलं. त्याच्या काळाचा पुरावा म्हणून मात्र ते पक्कं आहे.

हे वाक्य वहीत लिहून ठेवा: मत बरोबर होतं की चूक, हा इतिहासाचा पहिला प्रश्न नव्हे. ते मत तेव्हा, त्या माणसाला शक्य का वाटलं, हा पहिला प्रश्न.

सुयांचं भांडण

आता चला इंग्लंडला. १९२३ मध्ये कादंबरीकार कॉम्प्टन मॅकेन्झी यांनी ‘द ग्रामोफोन’ नावाचं मासिक सुरू केलं. त्यात नव्या तबकड्यांचं परीक्षण असे, यंत्रांची चर्चा असे आणि वाचकांचे वाद असत. त्या काळात शौकिनांच्या वादाचा एक कायमचा विषय होता सुई.

आज चमत्कारिक वाटेल, पण गोष्ट साधी नव्हती. तेव्हाच्या तबकड्या लाखेच्या असत आणि लाखेत दगडाची बारीक भुकटी मिसळलेली असे. त्यामुळे तबकडीवर फिरताना पोलादी सुई झिजे, आणि झिजलेली सुई मग खाचा खराब करी. म्हणून नियम असा की दर बाजूला नवी सुई लावायची. म्हणजे तीन-चार मिनिटांचं गाणं झालं की उठा, चावी द्या, सुई बदला, तबकडी उलटा. दुसरा पक्ष बांबूच्या सुईचा. तिला ‘फायबर’ म्हणत. ती मऊ, तबकडी जपणारी, आणि टोक बोथट झालं की छोट्या कातरीनं छाटून पुन्हा वापरता येणारी. पण आवाज कमी, आणि जोरदार वाद्यवृंद असला तर तबकडी संपायच्या आत टोक बसायचं.

पोलादवाले म्हणत, बांबूनं गाण्यातला जीवच जातो. बांबूवाले म्हणत, पोलादानं तबकडीचा जीव जातो.

आता तुम्ही संशोधक म्हणून काय कराल? सोपा मोह म्हणजे निकाल देणं: आजच्या ज्ञानानुसार कोण बरोबर होतं. तो प्रयोगशाळेचा प्रश्न आहे, तो तिथंच राहू द्या. इतिहासाच्या दृष्टीनं भांडणातून वेगळ्याच गोष्टी कळतात. एक, ऐकणं हे तेव्हा हातांचं काम होतं. बसल्या जागी तासभर ऐकण्याची सोय नव्हती, आणि ज्याला ऐकायचं त्याला थोडं कारागीर व्हावंच लागे. दोन, बांबूचा पक्ष घेणारा माणूस तबकडीकडे जपून ठेवायचा संग्रह म्हणून बघत होता. ज्याला पार्टीत नाचायला गाणं हवं, तो कशाला बांबू छाटत बसेल? म्हणजे सुईवरचं मत हे खरं तर संगीत कशासाठी आहे यावरचं मत होतं. हे कुणीही सरळ लिहून ठेवलेलं नसतं. ते सुईच्या आडून बोललं जातं.

१९२५: नवं तंत्र, जुनं यंत्र

१९२५ पर्यंत गायक मोठ्या कर्ण्यात तोंड घालून गात आणि त्या आवाजाच्या धक्क्यानंच मेणावर खाच पडे. त्या वर्षी मायक्रोफोन आणि ॲम्प्लिफायर वापरून केलेलं विद्युत ध्वनिमुद्रण बाजारात आलं. वेस्टर्न इलेक्ट्रिकची पद्धत व्हिक्टर आणि कोलंबिया या कंपन्यांनी घेतली. आता साधारण ५००० हर्ट्झपर्यंतचे स्वर पकडता येऊ लागले. आधी यातले वरचे बरेचसे स्वर निसटूनच जात.

आता सगळे खूश झाले असतील? नाही. खुद्द मॅकेन्झी यांनी १९२५ च्या अखेरीस आपल्या मासिकात सपाटून टीका केली. ‘स’सारखे सीत्कार करणारे उच्चार नको इतके ठळक झालेत, तंतुवाद्यांचा समूह कर्कश वाटतो, असा त्यांचा सूर होता.

तंत्रज्ञानाच्या ठरीव इतिहासात अशा माणसाला ‘बदलाला विरोध करणारा’ असं लेबल लागतं आणि लेखक पुढे जातो. तुम्ही तसं करू नका. एक प्रश्न विचारा: तो कुठल्या यंत्रावर ऐकत होता? नव्या तबकड्यांना साजेसं यंत्र, व्हिक्टरचं ऑर्थोफोनिक व्हिक्ट्रोला, अमेरिकेत आलं तेच मुळी नोव्हेंबर १९२५ मध्ये. जुन्या मशीनचा साउंडबॉक्स आणि कर्णा जुन्या, दबलेल्या आवाजासाठी घडवलेले होते. त्यांच्यावर नवी, जोरकस तबकडी लावली तर ती किंचाळल्यासारखी वाटणं साहजिकच आहे. कर्कशपणा हा केवळ म्हाताऱ्या कानाचा हट्ट नव्हता. शौकिनाच्या दिवाणखान्यात तो खरोखर ऐकू येत होता. पुढे यंत्रं बदलली, आणि त्याच मासिकात विद्युत तबकड्यांचं कौतुकही झालं.

इथून एक काम निघतं. वस्तूबद्दलचं मत सापडलं की त्या माणसाची अख्खी मांडणी शोधायची: कान, यंत्र, खोली, सवय आणि खिसा. ‘आवाज वाईट आहे’ हे वाक्य या पाचांपैकी कशाबद्दल आहे हे कळल्याशिवाय ते उद्धृत करायचं नाही.

कंपनी जेव्हा मत विचारते

आता उलटी बाजू. १९२१ मध्ये एडिसनच्या कंपनीनं अमेरिकेतल्या आपल्या ग्राहकांना पत्रं पाठवून आवडती गाणी विचारली. आलेल्या उत्तरांपैकी अडीच हजारांहून अधिक आज मिशिगन विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहेत. इतिहासकार विल्यम हाउलंड केनी यांनी १९९९ मधल्या आपल्या पुस्तकात त्यांचा बारकाईनं वापर केलाय. साधनं कशी वाचावीत हे शिकायला ते पुस्तक जरूर बघा.

कंपनीला हवी होती विक्रीची माहिती. लोकांनी लिहिलं काय? अमुक गाणं आई म्हणायची. तमुक गाणं ऐकलं की गेलेलं माणूस आठवतं. लोक जुनी गाणी मागत होते, भक्तिगीतं मागत होते. फोनोग्राफला आपण आधुनिकतेचं यंत्र म्हणतो, पण वापरणाऱ्या कितीतरी जणांसाठी ते आठवणींचं यंत्र होतं. हे कंपनीच्या जाहिरातींवरून कळलं नसतं.

कारण जाहिरात निराळंच सांगत होती. १९१५ पासून ही कंपनी ‘टोन टेस्ट’ भरवत असे. मंचावर गायिका आणि शेजारी यंत्र. मध्येच दिवे घालवायचे, आणि गातंय कोण हे प्रेक्षकांनी ओळखायचं. फरक कळला नाही असं लोक म्हणत, वृत्तपत्रंही छापत. त्या गायिकांपैकी ॲना केस यांनी पुष्कळ वर्षांनी सांगितलं की त्या आपला आवाज यंत्राच्या आवाजाला जुळवून घेत. म्हणजे ‘यंत्र हुबेहूब माणसासारखं गातं’ हे मत खोटं नव्हतं, पण ते माणसाला यंत्रासारखं गायला लावून घडवलेलं होतं. मत सापडलं की ते कुणी, कुठल्या प्रसंगी, कशासाठी मागितलं हेही शोधायला हवं ते यासाठी.

आणि १९२१ च्या त्या पत्रांतही मेख आहेच. एडिसनच्या तबकड्या जाडजूड, हिऱ्याच्या टोकानं वाजणाऱ्या. इतरांच्या साध्या यंत्रावर त्या वाजत नसत. म्हणजे उत्तरं आली ती खास एडिसनचं यंत्र विकत घेऊ शकलेल्या घरांतून. त्यांना ‘अमेरिकन जनता’ म्हणायचं नाही.

जे बोललेच नाहीत

हौशी मतांचा सगळ्यात मोठा धोका इथं आहे. ज्याच्याकडे वस्तू आहे तोच मत देतो. इंग्लंडातला शौकीन तबकडीच्या खरखरीबद्दल कुरकुर करतो. पण त्या तबकडीतली लाख कुठून आली? मुख्यतः हिंदुस्थानातून. पळस, कुसुम, बोर अशा झाडांवर वाढणाऱ्या किड्यांनी सोडलेली राळ छोटा नागपूरच्या जंगलपट्ट्यात गोळा होई. ती खरवडणाऱ्या माणसांचं तबकडीबद्दल मत काय होतं, हे मासिकाच्या पत्रव्यवहारात येत नाही. ते शोधायला जंगलखात्याच्या आणि व्यापाराच्या नोंदींकडे जावं लागतं. म्हणजे मतांची साधनं दप्तरखान्यातल्या साधनांना पर्याय नाहीत. दोन्ही समोरासमोर ठेवली की मगच कळतं की एकाची करमणूक दुसऱ्याची मजुरी होती.

गाणाऱ्यांचंही तसंच. १९०२ मध्ये फ्रेड गाइसबर्ग यांनी कलकत्त्यात गौहरजान यांचं गाणं मुद्रित केलं. त्या काळच्या अनेक तबकड्यांच्या शेवटी कलावंत स्वतःचं नाव पुकारतात. १९०८ मध्ये कलकत्त्यात सियालदहला कारखाना निघाला, तोवर इथलं मुद्रण जर्मनीत हॅनोव्हरला जाऊन छापलं जाई, आणि तिथल्या कामगारांना लेबल लावायला नाव कळावं म्हणून ही सोय, असं सांगितलं जातं. कारण काहीही असो, कलावंताला यंत्राशी कसं वागावं लागलं याचा तो बोलका पुरावा आहे. तासभर फुलणारा राग तीन मिनिटांत बसवताना त्यांना काय वाटलं, हे मात्र तबकडीवर नाही.

मग तुम्ही काय करायचं?

मराठीत या विषयावर काम करायला भरपूर जागा आहे. ‘मनोरंजन’, ‘किर्लोस्कर’ यांसारख्या मासिकांचे जुने अंक काढा आणि लेख सोडून जाहिराती व वाचकांची पत्रं वाचा. तबकड्यांच्या छापील सूची बघा. मुंबईत १९९० मध्ये सुरू झालेल्या ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’चे अंक चाळा, संग्राहकांनी जमवलेली माहिती विद्यापीठांच्या कपाटात सहसा मिळत नाही. घरातल्या वडीलधाऱ्यांना पहिला टेपरेकॉर्डर कधी आला ते विचारा, आणि त्याची पावती कुठे सापडते का तेही बघा.

प्रत्येक मतापुढे वहीत पाच रकाने करा. कोण बोललं? कुठल्या यंत्राबद्दल, कुठल्या यंत्रावरून? कुणी विचारलं म्हणून? खर्च कुणी केला? आणि या वस्तूशी संबंध असूनही कोण गप्प आहे? पाचवा रकाना बहुतेक वेळा रिकामा राहील. प्रबंधातलं खरं काम तिथूनच सुरू होतं.

आणि सादरीकरणात कुणी ‘या तर गप्पा झाल्या’ म्हणालंच, तर शांतपणे सांगा: होय, गप्पाच आहेत. सुईवरच्या गप्पांतूनच कळतं की लोक गाणं कसं ऐकत होते, कारण गाणं ऐकण्यावर अहवाल लिहायला कुठलंही सरकारी खातं बसलेलं नव्हतं.