बोलू न शकणाऱ्या विद्यार्थ्यासाठी संवादाची साधने: घरच्या चित्रफलकापासून बोलणाऱ्या ॲपपर्यंत

नऊ वर्षांच्या एका मुलीला तिची आई दवाखान्यात घेऊन आली होती. मुलीला सेरेब्रल पाल्सी आहे, ती शब्द बोलू शकत नाही. तीन दिवस ती जेवत नव्हती, शाळेत सारखी रडत होती आणि वर्गातल्या बाईंना वाटत होते की मुलगी हट्टी झाली आहे. तपासल्यावर खालची एक दाढ किडलेली आणि हिरडी सुजलेली दिसली. मी आईला विचारले, "ही 'हो' कसं सांगते?" आई लगेच म्हणाली, "वर बघते. 'नाही' असेल तर डोळे मिटते." मी मुलीकडे वळून एकेक जागा विचारत गेले. कान? डोळे मिटले. पोट? मिटले. दात? ती वर बघू लागली आणि बघतच राहिली.

म्हणजे मुलीकडे उत्तर तीन दिवस होते. ते वाचता येणारे माणूस घरात होते, शाळेत नव्हते.

दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी साधने म्हटले की व्हीलचेअर, ब्रेल पाटी, श्रवणयंत्र आठवते. या लेखात त्यापैकी एकाच गटाबद्दल लिहिते आहे: ज्या मुलांना तोंडाने बोलता येत नाही, किंवा बोललेले इतरांना समजत नाही, त्यांच्या संवादासाठीची साधने. याला पूरक आणि पर्यायी संवाद म्हणतात. स्पीच थेरपिस्टकडे तुम्हाला 'एएसी' हे लघुरूप ऐकू येईल.

न बोलणे आणि न समजणे वेगळे

बोलण्यासाठी ओठ, जीभ, टाळू, स्वरयंत्र आणि श्वास यांचे स्नायू एका लयीत चालावे लागतात. सेरेब्रल पाल्सीमध्ये मेंदूकडून या स्नायूंना जाणारे संदेशच बिघडतात. अशा साधारण चारपैकी एका मुलाला बोलता येत नाही, पण त्यांपैकी अनेकांना ऐकलेले नीट समजते. स्वमग्न मुलांमध्ये कारण वेगळे असते, डाऊन सिंड्रोममध्ये आणखी वेगळे. काही मुलांना समजायलाही वेळ लागतो. पण मूल बोलत नाही यावरून त्याला किती समजते हे ठरवता येत नाही, आणि नेमके तेच आपण सगळे पटकन ठरवून टाकतो. डॉक्टरही.

मुंबईच्या मालिनी छिब यांना सेरेब्रल पाल्सी आहे. त्यांच्या आई मिठू अलुर यांनी १९७२ मध्ये मुंबईत अशा मुलांसाठी संस्था आणि शाळा सुरू केली. मालिनी टाइप केलेला मजकूर बोलून दाखवणारे यंत्र वापरत उच्च शिक्षण घेत गेल्या आणि एका बोटाने टंकलेले त्यांचे आत्मचरित्र २०१० मध्ये आले. प्रत्येक मूल इथपर्यंत पोहोचेल असे मी म्हणत नाही. पण साधन हातात नसते तर त्यांच्याबद्दलही लोकांनी 'हिला काही कळत नाही' असेच म्हटले असते.

साधनाच्या आधी तपासण्या

पहिली तपासणी कानांची. मूल टाळी वाजवल्यावर वळते म्हणून ऐकू येते असे समजू नका. ओएई आणि बेरा या तपासण्यांना मुलाने उत्तर द्यावे लागत नाही, त्यामुळे न बोलणाऱ्या मुलाचेही ऐकणे मोजता येते. श्रवणदोष असेल तर श्रवणयंत्र आधी, बाकीचे त्याच्या बरोबरीने. डोळेही तपासून घ्या. चष्मा लागलेल्या मुलासमोर बारीक चित्रांचा फलक ठेवून ते बघत नाही म्हणण्यात अर्थ नाही. फिट्सचे औषध चालू असेल आणि मूल दिवसभर पेंगत असेल तर डॉक्टरांना सांगा, पण स्वतःहून औषध कमी करू नका.

आणि बसणे. पाठीला व मानेला आधार नसेल तर मुलाची सगळी ताकद तोल सांभाळण्यात जाते, मग बोट दाखवायला हात मोकळा राहत नाही. ऑक्युपेशनल थेरपिस्टने बसण्याची जागा नीट लावून दिली की 'हाताने काहीच करत नाही' असे सांगितलेले मूल चित्रावर मूठ टेकवू लागते, हे मी पाहिले आहे.

साधन दिले तर मूल बोलायचेच सोडून देईल का?

हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक घरात येतो, बहुधा आजी-आजोबांकडून. प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या वर्षांत मीही पालकांना सांगत असे, "थोडं थांबा, बोलेल हळूहळू." तो सल्ला चुकीचा होता आणि त्यात काही मुलांची शिकण्याची चांगली वर्षे गेली.

२००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात नीट नियंत्रण ठेवून केलेल्या अभ्यासांतील २७ जणांची माहिती एकत्र केली होती. साधन वापरल्याने बोलणे कमी झाले असे त्यांपैकी एकाच्याही बाबतीत दिसले नाही. ८९ टक्के जणांचे बोलणे वाढले, बऱ्याच जणांचे थोडेच, पण वाढले. उरलेल्यांत फरक पडला नाही. संख्या लहान आहे, तरी भीतीला आधार नाही एवढे त्यातून कळते. कारणही समजण्यासारखे आहे. 'पाणी' दाखवल्यावर पाणी मिळते आणि तो शब्द प्रत्येक वेळी कानावर पडतो. बोलण्याचा ताण न घेता मूल भाषा शिकत राहते. त्यामुळे स्पीच थेरपी बंद करायची नाही आणि साधनासाठी थांबायचेही नाही.

सुरुवात कागदाने करा

महागडे यंत्र घेण्याआधी एक पुठ्ठा, फोटो आणि चिकटपट्टी एवढ्यावर बरेच काम होते. घरी केलेल्या फलकांत एक चूक हमखास दिसते: जेवण, पाणी, शू, झोप एवढीच चित्रे असतात. मोठ्यांना सोयीच्या गोष्टी तेवढ्या. मुलाला मात्र 'नको', 'अजून', 'थांबा', 'दुखतंय', 'मला येऊ दे', 'तुला कळलं नाही' आणि 'मला वेगळंच काही सांगायचंय' हे शब्द हवे असतात. भांडायला आणि चेष्टा करायलाही शब्द हवेत. आठ-दहा चित्रांपासून सुरू करा, पण त्यात 'नको' असलेच पाहिजे. आणि मुलाने 'नको' दाखवले की निदान काही वेळा तरी त्याचे ऐका, नाहीतर ते दाखवायचे सोडून देईल.

चित्राखाली घरात जो शब्द वापरता तोच लिहा. घरी 'भाकर' म्हणत असाल तर 'पोळी' लिहू नका.

मूल अक्षरे ओळखू लागले की अक्षरफलक. इथे आपल्या वर्णमालेचा मोठा फायदा आहे. क, च, ट, त, प या पाच ओळी आणि प्रत्येकीत पाच अक्षरे. ज्या मुलाला बोटही दाखवता येत नाही त्याच्यासाठी सोबतचा माणूस आधी ओळी वाचतो: "क ची ओळ? च ची?" मूल ठरलेली खूण करते, मग त्या ओळीतील अक्षरे एकेक वाचायची. 'म' हवा असेल तर पाचवी ओळ, पाचवे अक्षर. स्वरांची एक ओळ वर आणि य, र, ल, व वगैरे खाली. काना-मात्रांसाठी स्वरांचीच ओळ वापरायची: क नंतर आ म्हणजे 'का'. जोडाक्षरे सुरुवातीला सोडून द्या. शुद्धलेखनही सोडून द्या. हे हळू चालते, एका वाक्याला पाच मिनिटे लागतात, पण मुलाच्या स्वतःच्या मनातले वाक्य मिळते.

त्यापुढे ॲप. आयआयटी मुंबईत तयार झालेले जेलो हे ॲप मोफत आहे आणि मराठीत चालते. चित्र दाबले की फोन किंवा टॅबलेट शब्द बोलतो, आणि आवडते-नावडते, हो-नाही, जास्त-कमी अशी बटणे त्या शब्दाला जोडून भावना सांगता येते. चेन्नईत तयार झालेले आवाज हेही अनेक शाळांत वापरले जाते. हात अजिबात चालत नसेल तर डोक्याने किंवा गुडघ्याने दाबायचा स्विच लावता येतो. नजरेवर चालणारी यंत्रे आहेत, ती फार महाग आहेत आणि सगळ्यांना लागत नाहीत. कोणते साधन हे स्पीच थेरपिस्टबरोबर बसून ठरवा, दुकानदाराबरोबर नको. ॲप घेतले तरी कागदी फलक दप्तरात राहू द्या. चार्जिंग संपते आणि पावसात टॅबलेट बाहेर काढता येत नाही.

शिकवायची पद्धत सोपी आहे, पण चिकाटी लागते. तुम्ही बोलताना स्वतः चित्रांवर बोट ठेवा: "आता *जेवायचं*. *अजून* हवं?" मुलाची परीक्षा घेऊ नका, 'पाणी कुठंय दाखव' असे विचारत राहिलात तर तो अभ्यास होतो. प्रश्न विचारल्यावर मनात दहा आकडे मोजा. बहुतेक घरांत तीन आकड्यांतच कुणीतरी मुलाच्या वतीने उत्तर देऊन टाकते. आणि कित्येक महिने मुलाने फलकाला हातही लावला नाही तरी तुम्ही वापरत राहा.

शाळेत काय करावे

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ नुसार ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वर्षे वयात मोफत शिक्षणाचा हक्क आहे, जवळच्या शाळेत किंवा पालकांच्या पसंतीच्या विशेष शाळेत. बोलण्याला पूरक आणि पर्यायी संवादपद्धतींना शिक्षणात उत्तेजन द्यावे, असेही त्याच कायद्यात लिहिले आहे. म्हणजे वर्गात फलक वापरू द्या असे सांगताना तुम्ही मेहेरबानी मागत नसता.

तरी कायद्याआधी एक कागद द्या. त्यावर मुलाच्या शब्दांत: मी 'हो' असे सांगतो, 'नाही' असे सांगतो, शू लागली की हे करतो, दुखले की हे करतो, मला उत्तर द्यायला एवढा वेळ लागतो, मला घास कसा भरवायचा. शेवटची ओळ जिवाची आहे, कारण चुकीच्या स्थितीत भरवल्यास या मुलांना ठसका लागून अन्न श्वासनलिकेत जाऊ शकते. हा कागद वर्गशिक्षिका, मावशी आणि व्हॅनचे काका या तिघांकडेही हवा. शेजारी बसणाऱ्या मुलांना फलक दाखवून ठेवा. ती मोठ्यांपेक्षा लवकर शिकतात.

परीक्षेत लेखनिक आणि जादा वेळ मिळू शकतो. केंद्र सरकारच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत तासामागे किमान २० मिनिटे धरली आहेत. अर्ज शाळेमार्फत वर्षाच्या सुरुवातीलाच करा, लेखनिकाला मुलाची खूण वाचायचा सराव लागतो.

दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड यांचा अर्ज स्वावलंबन पोर्टलवर होतो. साधनांसाठी केंद्राची एडिप योजना आहे, तिला उत्पन्नाची मर्यादा आहे. तपासणीसाठी जिल्हा रुग्णालयातील डीईआयसी हे केंद्र आधी गाठा, तिथे १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची सोय असते. वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था वाचा आणि श्रवण या दोन्हींसाठी आहे.

एका पद्धतीपासून सावध राहा

काही ठिकाणी मदतनीस मुलाचा हात किंवा कोपर धरून अक्षरांवर नेतो, आणि अचानक मूल लांबलचक वाक्ये 'लिहू' लागते. पालकांचे डोळे भरून येतात. तपासण्या केल्यावर असे लेखन बहुतेक वेळा मदतनीसाचे निघाले आहे, बहुधा त्यालाही नकळत. अमेरिकेतील स्पीच थेरपिस्टांच्या संघटनेने २०१८ मध्ये ही पद्धत वापरू नये असे स्पष्ट सांगितले. पडताळा घरीच घेता येतो: मदतनीस खोलीबाहेर असताना मुलाला एखादी वस्तू दाखवा, नंतर काय पाहिले ते विचारा. ज्या साधनावर मूल स्वतः बोट, नजर किंवा मूठ नेते तेच त्याचे बोलणे.

डॉक्टरांकडे कधी यावे

मूल १६ महिन्यांचे होऊनही एकही शब्द नाही, किंवा दोन वर्षांचे होऊनही दोन शब्द जोडत नाही, तर तपासणी करा. आधी येणारे शब्द किंवा खुणा कोणत्याही वयात गेल्या तर लगेच या. साधन चांगले वापरणारे मूल एकाएकी ते बाजूला सारू लागले तर आधी दुखणे शोधा: दात, कान, बद्धकोष्ठ, मांडीचा सांधा. मुलगी मोठी असेल तर पाळीचेही विचारा.

दवाखान्यात येताना फलक बरोबर आणा. त्यात शरीराचे एक चित्र आणि 'थोडं', 'खूप', 'कालपासून' हे तीन शब्द असावेत. त्या नऊ वर्षांच्या मुलीच्या फलकावर आता दाताचे चित्र आहे. मागच्या महिन्यात तिने ते आईला दाखवले, तेव्हा दाढ अजून सुजलेलीही नव्हती.