केडगावची पाण्याची बादली

खामगावचे जुने कागद शोधणाऱ्याने एक महिना लक्षात ठेवावा : ऑगस्ट १९०५. त्या महिन्यात वऱ्हाडच्या सहा जिल्ह्यांची फेररचना झाली आणि खामगाव तालुका अकोल्यातून बुलढाण्यात आला. त्याआधीचे खामगाव बुलढाण्याच्या नोंदींत शोधले तर हाती काही लागत नाही. ते अकोल्याच्या नावाखाली असते. अलायन्स या ख्रिस्ती मिशनचे मुलींचे अनाथगृह या खामगावातच होते. दुष्काळात पोरक्या झालेल्या मुली तिथे वाढत होत्या. १९०५ नंतरच्या दोन-तीन वर्षांत प्रार्थनेची एक लाट अलायन्सच्या अनाथगृहांतूनही गेली. तिचा माग काढत मागे गेले की आपण पुणे जिल्ह्यातल्या केडगावला, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती सदनात येऊन पोहोचतो. तारीख २९ जून १९०५, गुरुवार. वेळ पहाटे साडेतीन.

त्या वेळी मिनी अब्राम्स या मिशनरी बाईंना एका मोठ्या मुलीने झोपेतून उठवले. तिने सांगितले ते असे : सोबतच्या एका मुलीच्या अंगावर आग दिसली, म्हणून मी खोलीपलीकडे धावले, पाण्याची बादली उचलली, ओतणार एवढ्यात लक्षात आले की ती जळत नाही. पवित्र आत्मा तिच्यावर आला आहे. अब्राम्सबाई तिथे गेल्या, तर आवारातल्या मुली गुडघे टेकून रडत, प्रार्थना करत होत्या.

या प्रसंगाचे साक्षीदार नीट वेगळे करायला हवेत. आग पाहिली ती बादलीवालीने. अब्राम्सबाईंनी आग पाहिली नाही. त्यांनी ऐकली, पण काही क्षणांतच ऐकली, आणि रडणाऱ्या मुली स्वतः पाहिल्या. मुंबईच्या हेलन डायर यांनी १९०७ साली ‘रिव्हायव्हल इन इंडिया’ या पुस्तकात हा वृत्तांत छापला, तो अर्थातच आणखी एक पायरी दूरचा. म्हणून माझी विभागणी अशी : रडणे आणि प्रार्थना निश्चित, आग एका मुलीची साक्ष. ती खोटी ठरवायला माझ्याकडे कारण नाही. उलट बादलीमुळेच ती मला खरी वाटते. दृष्टान्त रचून सांगणारी मुलगी पाणी आणायला धावल्याचे सांगत नाही. ती खरोखर घाबरली होती.

आता दुसरा कागद, आणि तो सर्वांत मोलाचा. १९०७ साली रमाबाईंनी आपली ‘साक्ष’ लिहिली. तीत त्या सांगतात की १९०५ च्या आरंभी त्यांनी एक खास प्रार्थनामंडळ सुरू केले. सुमारे सत्तर जणी रोज सकाळी जमत. मागणे असे की सर्व भारतीय ख्रिस्ती लोकांचे, आपल्यासकट, खरे परिवर्तन व्हावे आणि सर्व देशांतल्या ख्रिस्ती लोकांवर पवित्र आत्मा ओतला जावा. सहा महिन्यांत ते घडले, असे त्या लिहितात. त्या निवेदनात बादली नाही आणि आगही नाही. डायरबाईंचा आकडा वाढत वाढत साडेपाचशेपर्यंत जातो आणि सभा दिवसातून दोन वेळा भरतात. रमाबाई आरंभीचे सत्तर सांगून पुढे जातात. दोन्ही आकडे एकाच वेळी खरे असू शकतात. पण चमत्काराची कहाणी जिच्या घरात घडली, तिनेच ती सर्वांत कमी शब्दांत सांगितली, ही गोष्ट मला विलक्षण वाटते.

मागणे पुन्हा वाचून पाहावे. त्यात धान्य नाही, पैसा नाही, पाऊस नाही. मुदतही नाही. ‘आपल्यासकट’ हा शब्द मात्र आहे. सुमारे दोन हजार जिवांचे पोट सांभाळणारी बाई असे का मागते? याचे उत्तर कुठल्याही कागदात थेट लिहिलेले नाही. इथून पुढे माझे अनुमान आहे, आणि त्याला दोन आधार आहेत.

पहिला १८७४ चा. दुष्काळाचा अनुभव रमाबाईंनी सुमारे बावीस-तेवीस वर्षांनी लिहून काढला. वडील अनंतशास्त्री डोंगरे, आई लक्ष्मीबाई आणि मुले तीर्थे करत फिरत होती. उपास, जप, दानधर्म चालू होता आणि देव काहीतरी करील ही आशा होती. पैसा संपला, धान्य संपले. तिरुपतीजवळच्या रानात अकरा दिवस पाणी, झाडाची पाने आणि मूठभर रानखजूर यांवर काढले. वडिलांनी जलसमाधी घ्यायचे ठरवले, तेव्हा मुलगा श्रीनिवास म्हणाला की मी मिळेल ते काम करीन. त्यानंतर थोड्याच काळात आधी वडील गेले, मग आई. हे लिहिताना रमाबाई ख्रिस्ती झाल्या होत्या, म्हणून त्या दिवसांचा त्यांनी लावलेला अर्थ नंतरचा आहे. पण अकरा दिवस आणि मूठभर खजूर हे तपशील अर्थ लावण्यासाठी रचलेले वाटत नाहीत. हात जोडून वाट पाहिली आणि कोणी आले नाही, हे त्यांनी सोळाव्या वर्षी पाहिले होते.

दुसरा आधार पुन्हा ‘साक्षी’तलाच. त्यांचा बाप्तिस्मा २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमध्ये वाँटेज येथे झाला. पण ख्रिस्ती धर्म मिळाला, ख्रिस्त मात्र नाही, हे आपल्याला आठ वर्षांनी उमगले, असे त्या सांगतात. ज्या बाईने स्वतःच्या बाबतीत आठ वर्षांचा उशीर कबूल केला, ती इतरांसाठी मागताना ‘आपल्यासकट’ म्हणते, यात मला संगती दिसते.

जूननंतर काय झाले, याच्या खुणा दूरपर्यंत सापडतात. अब्राम्सबाईंनी १९०६ साली एक पुस्तिका लिहिली. तिची प्रत चिलीतल्या वाल्पराइसोला मिशनरी विलिस हूव्हर आणि त्यांच्या पत्नी यांच्याकडे गेली, आणि १९०९ साली तिथे मोठी जागृती झाली. ‘सर्व देशांतल्या’ हा शब्द रमाबाईंनी वापरला तेव्हा चिली त्यांच्या मनात असण्याचे कारण नव्हते.

पण सगळीच मागणी अशी फळली नाही. मुलगी मनोरमा, जिच्या हाती मुक्ती सदन द्यायचे होते, ती २४ जुलै १९२१ रोजी वारली. वय चाळीस. ती वाचावी म्हणून आईने काय मागितले असेल, ते सांगायला नको. रमाबाईंपुढे तेव्हा एक काम उरले होते : बायाबापड्यांना समजेल अशा सोप्या मराठीत संपूर्ण बायबल, मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकून केलेले. त्या पुन्हा मुद्रितांकडे वळल्या. शेवटच्या आजारात त्यांनी देवाकडे आणखी दहा दिवस मागितले, ते मिळाले, मुद्रिते संपली आणि त्या गेल्या, अशी कथा सांगितली जाते. मनाला भिडणारी कथा आहे, पण निश्चित पुराव्याच्या रांगेत मी ती ठेवणार नाही. निश्चित आहेत त्या दोन गोष्टी : ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई वारल्या, आणि त्यांचे संपूर्ण बायबल मुक्ती छापखान्यातून १९२४ साली बाहेर पडले. छापलेले पुस्तक त्यांनी हातात घेतले नाही.

आणि ती बादलीवाली? या वृत्तांतांत तिचे नाव नाही. जिच्या अंगावर आग दिसली तिचेही पूर्ण नाव नाही. मिशनच्या घरांत वाढलेल्या मुलींची लग्ने होत, नवे संसार दुसऱ्या गावी उभे राहत. केडगावचीच एखादी वऱ्हाडात येऊन पोहोचली असेल, हे अशक्य नाही. त्याला आज पुरावा नाही. खामगाव, मलकापूर, चिखली, बुलढाणा इथल्या मंडळ्यांत जुनी बाप्तिस्म्याची व लग्नाची रजिस्टरे असतील, आजीच्या ट्रंकेत तिच्या हस्ताक्षरात काही लिहिलेले बायबल असेल, तर आतले पहिले कोरे पान उघडून पाहा. तिथे ‘केडगाव’ असा शब्द दिसला तर ते पान फाडू नका, चिकटवू नका. त्याचा फोटो काढा आणि पाळकांना दाखवा.