गावच्या मांडवाचा अभ्यास : प्रस्तावना

जळगावहून अजिंठ्याकडे जाणारा रस्ता आणि शेंदुर्णीकडून जामनेरला जाणारा रस्ता पहूरला एकमेकांना छेदतात. अजिंठ्याच्या लेण्यांना वळसा घालून आलेली वाघूर नदी पुढे या गावाला भेटते. पेठ आणि कसबे अशी गावाची दोन अंगे. 2020पर्यंत पाचोरा–जामनेर ही अरुंद मापाची ‘पीजे’ रेल्वेगाडी इथे थांबत असे. वास्तुविद्येचा एखादा विद्यार्थी अशा गावात आला आणि ‘नाट्यगृह कुठे आहे’ असे विचारू लागला, तर वहीत ‘नाही’ एवढे लिहून तो परत जाईल. ती नोंद अपुरी का, हे समजून घेण्यापासून गावच्या मांडवाच्या अभ्यासाची सुरुवात होते, आणि त्या विद्यार्थ्याचे इथे मनापासून स्वागत आहे. गावपातळीवर निर्णय घेणाऱ्या ग्रामपंचायत सदस्यांचे, शाळेत नाटक बसवणाऱ्या शिक्षकांचे आणि तमाशाच्या फडात उभे आयुष्य काढलेल्या कलावंतांचेही तितकेच.

खानदेशात कलेला जागा नेहमीच मिळाली आहे. फक्त ती बारमाही एका ठिकाणी नसते. यात्रेत तगतराव, म्हणजे कलावंतांची सजवलेली गाडी, निघतो, तेव्हा गावचा रस्ताच रंगमंच होतो. बारागाड्या ओढल्या जातात, तेव्हा दुतर्फा माणसांच्या भिंती उभ्या राहतात. श्रावणात कानबाई देवी घरात बसते, तेव्हा घराचा पुढचा भाग सारवून-रंगवून मोकळा केला जातो, भाऊबंदकी जमते आणि गाणी रात्रभर चालतात. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लिंबाच्या फांदीला झोका बांधला की सासुरवाशिणींच्या गाण्यांना त्या झाडाखाली हक्काची जागा असते. या जागांचा नकाशा काढायचा, तर त्यावर तिथी लिहाव्या लागतात. मोजपट्टीच्या जोडीला पंचांग लागते.

मात्र या जुन्या जागांचे नुसते गुणगान करून चालणार नाही. पारावर कोण बसे आणि कोण लांब उभे राही, हे गावाला ठाऊक असते. तमाशाच्या कनातीत बाईने प्रेक्षक म्हणून बसणे बराच काळ अप्रतिष्ठेचे मानले गेले, आणि कनातीच्या आत नाचणारी बाई मात्र त्याच गावाला हवी होती. फड चालवणारे कलावंत मुख्यतः दलित आणि भटक्या समाजांतले; त्यांच्या कलेला टाळ्या मिळाल्या, पण त्यांना प्यायचे पाणी कुठून मिळेल, हा प्रश्न मुक्कामागणिक नवा असे. तमाशा कलावंत विठाबाई नारायणगावकर खेळ चालू असताना मागे बाळंत झाल्या आणि पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्या, ही हकिगत आपण त्यांच्या जिद्दीची म्हणून सांगतो. जागा आखणाऱ्याने ती आणखी एका नजरेने वाचावी: त्या रंगमंचामागे आडोसा, पाणी, दिवा, टेकायला खाट यांपैकी काय होते? माझ्या मते आराखड्याचा पहिला कागद रंगमंचाच्या मागच्या बाजूचा असावा. कपडे बदलायची खोली, स्वच्छतागृह, तान्ह्या मुलाला निजवायची जागा हे आधी ठरवावे. पडदा आणि दिवे नंतर येतील.

या विषयातला सर्वांत मोठा धडा जळगाव जिल्ह्यातच आहे. डिसेंबर 1936मध्ये काँग्रेसचे पन्नासावे अधिवेशन फैजपूरला भरले. खेड्यात भरलेले हे पहिले अधिवेशन. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू होते. गांधीजींचा आग्रह असा, की जे उभारायचे ते गावच्या सामानाने आणि गावच्या कारागिरांच्या हातांनी. त्यासाठी त्यांनी शांतिनिकेतनातून नंदलाल बोस यांना बोलावले. आपण चित्रकार, बांधकाम आपले काम नव्हे, असे म्हणून नंदलालांनी आधी संकोच केला. गांधीजींनी तो मानला नाही. वास्तुकार म्हात्रे यांच्या साथीने बांबू आणि गवताचे टिळकनगर उभे राहिले. नंदलालांना हा मुलूख अनोळखी नव्हता. सुमारे पाव शतकापूर्वी लेडी हेरिंगहॅम यांच्या चमूबरोबर अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करायला ते आले होते. आपल्याकडे फैजपूरची आठवण राजकारणाच्या इतिहासात निघते. माझ्या लेखी ते भारतातल्या सार्वजनिक वास्तुरचनेचेही एक मोठे प्रकरण आहे. प्रचंड जनसमुदायासाठी नगर उभारले, काम संपल्यावर ते उतरवले, आणि सामान पुन्हा मातीच्या किंवा माणसांच्या उपयोगी पडेल असेच होते. ‘शाश्वत’ हा शब्द आज सरकारी कागदावर सहज येतो. त्याचा अर्थ तिथे हातांनी लिहिला गेला होता.

आज खेड्यातल्या सभागृहाचे बहुतेक अंदाजपत्रक पत्र्याच्या छपरापासून सुरू होते. मे महिन्यात पारा 45 अंशांच्या घरात जातो, तेव्हा पत्र्याखाली दुपारी तालीम होऊ शकत नाही; आषाढात त्याच पत्र्यावर पाऊस वाजू लागला की संवाद ऐकू येत नाही. याच भागातली धाब्याची घरे पाहा. लाकडी सऱ्यांवर मातीचा जाड थर, त्यामुळे आत गारवा आणि आवाजाला मऊपणा. धाबे दरवर्षी निगुतीने राखावे लागते हे खरे, आणि ती निगा कोण राखणार हे आराखड्यातच लिहिलेले हवे. मोकळ्या जागेतही विचार लागतो. अंतर दुप्पट झाले की उघड्यावरचा आवाज सहा डेसिबलने उतरतो. म्हणून लांबट पटांगणापेक्षा तीन बाजूंनी वेढलेली बैठक बरी, कर्ण्यांची गरज कमी होते. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकाला बंदी असल्यामुळे, पहाटेपर्यंत चालणाऱ्या खेळांच्या या मुलखात, बैठकीचा आकार हा निव्वळ सौंदर्याचा प्रश्न उरत नाही.

चाकाच्या खुर्चीवरच्या माणसाचा विचारही असाच मुळापासून व्हावा. एक फूट चढायला बारा फुटांचा उतार हा रूढ निकष धरला, तर तीन फूट उंच रंगमंचाला छत्तीस फुटांचा उतार लागेल. तेवढी जागा क्वचितच मिळते, मग उतार कागदावरच राहतो. त्यापेक्षा खेळ जमिनीवर आणि बैठक मागे चढत जाणारी केली, तर पाय अधू असलेला नट, कंबर वाकलेली भजनी आजी आणि ढोलकी उचलून आणणारा पोरगा तिघेही एकाच वाटेने आत येतात. खुर्चीवरच्या प्रेक्षकाची जागा मग पहिल्या रांगेत, आपल्या माणसांच्या शेजारी आखता येते.

वाचकाने पुढे जाण्याआधी एक काम करावे, असे सुचवतो. आपल्या गावातल्या एखाद्या बांधून झालेल्या सभागृहाकडे जावे आणि विचारावे: किल्ली कोणाकडे असते? वीजबिल कोण भरते? मुलींना तालमीसाठी संध्याकाळी ती किल्ली मिळते का, परगावच्या फडाला मुक्कामासाठी मिळते का, आणि मिळत नसेल तर नकार कोण देतो? उत्तरे नावासह नको, पण तारखेसह लिहून ठेवावीत. पुढची सारी चर्चा त्या वहीच्या आधारानेच करायची आहे.