लोंबकळणारी कड : ग्राफ-रूपांतरणाच्या साधनांचा इतिहास

समजा, तुमच्या यूएमएल आकृतीत 'ग्राहक' आणि 'खाते' असे दोन क्लास आहेत आणि त्यांना जोडणारी एक रेषा आहे. 'ग्राहक' खोडण्याचा नियम तुम्ही लिहिलात. मग त्या रेषेचे काय होणार? प्रश्न किरकोळ वाटतो. पण मॉडेल-रूपांतरणाची साधने वेगवेगळी का वागतात, हे समजून घ्यायचे तर याच प्रश्नाचा माग काढावा लागतो.

चिन्हांच्या ओळीवर चालणाऱ्या व्याकरणात ही अडचण नव्हती. एक चिन्ह बदलले तरी त्याचा डावा आणि उजवा शेजारी ठरलेला असे. १९६९ मध्ये जॉन फाल्ट्झ आणि अझ्रिएल रोझेनफेल्ड यांनी ओळीच्या जागी ग्राफ घेतला. आता एका नोडला कितीही शेजारी असू शकत होते. त्यामुळे नवा भाग जुन्या ग्राफला कसा जोडायचा, हेही नियमातच सांगणे भाग पडले.

१९७३ मध्ये हार्टमुट एरिग, मिखाएल फेंडर आणि हान्स युर्गन श्नायडर यांनी यावर बीजगणितीय तोडगा काढला. नियमाचे तीन भाग करायचे: काय शोधायचे, त्यातले काय जपायचे आणि शेवटी काय असायला हवे. जपलेला भाग हाच सांधा. आधी खोडणे, मग चिकटवणे, अशा दोन पायऱ्या. म्हणून नाव 'डबल पुशआउट'. नोड खोडल्यामुळे एखादी कड एका टोकाने लोंबकळत राहणार असेल, तर त्या जागी नियम लागूच होत नाही. वरच्या उदाहरणात 'ग्राहक' जागचा हलणार नाही. रेषाही खोडायची, असे नियमात तुम्हाला स्पष्ट लिहावे लागेल.

मिखाएल लोव्हे यांनी १९९३ मध्ये सविस्तर मांडलेल्या 'सिंगल पुशआउट' पद्धतीत उलट घडते. नियम लागू होतो आणि लोंबकळणाऱ्या कडा आपोआप जातात. लिहायला हे सोपे खरे, पण मोठ्या मॉडेलमध्ये कोणती रेषा कधी गेली हे कळतही नाही. शिकणाऱ्याने पहिल्या पद्धतीपासून सुरुवात करावी, असे मला वाटते.

पुढे हा सिद्धांत साधनांत उतरला. आखेनमध्ये प्रोग्रेस घडले, बर्लिनमध्ये एजीजी. २००१ च्या सुमारास ओएमजीने मॉडेल-आधारित विकासाचा पुरस्कार केल्यावर मागणी वाढली आणि बरीच साधने एक्लिप्सच्या ईएमएफवर उभी राहिली. तिथे जुनाच प्रश्न नव्या रूपात भेटतो. एखादी वस्तू मॉडेलमधून काढली, पण तिच्याकडे बोट दाखवणारा संदर्भ मागे राहिला, तर फाइल जतन करताना 'डँगलिंग एचरेफ' ही चूक येते. तुम्ही ती पाहिली असेलच.

एजीजी मुळात सिंगल पुशआउटवर चालते. कडक अट हवी असल्यास ती निवडावी लागते. ईएमएफवरच्या हेनशिनमध्ये उलट, ही तपासणी नियमागणिक बंद करता येते. कार्ल्सरूहच्या ग्रजेनमध्ये तर नियमापुढे 'डँगलिंग' एवढा एक शब्द लिहिला की १९७३ ची ती अट त्या नियमापुरती लागू होते.