लाजेनें झांकलेलें दुखणें

हंसतांना, खोकतांना वा ओझें उचलतांना नकळत मूत्र सुटणें, हें दुखणें स्त्रियांनीं पिढ्यान्‌पिढ्या लाजेनें झांकून ठेविलें. १९१४ सालीं अमेरिकेंतील हॉवर्ड केली यांनीं मूत्राशयाचें मुख टांक्यांनीं आवळण्याची शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली. १९६१ सालीं बर्च यांनीं योनिभित्ती वर उचलून ओटीपोटांतील बळकट अस्थिबंधास टांकली. १९९६ सालीं स्वीडनच्या उल्मस्टेन यांनीं मूत्रमार्गाखालीं प्लॅस्टिकच्या जाळीची पट्टी बसविण्याची सोपी रीत मांडली. तिनें अनेकींना आराम पडला. परंतु कांहींच्या शरीरांत जाळी रुतून असह्य वेदना जडल्या. इंग्लंडांत २०१८ सालीं तिचा वापर बहुतांशीं स्थगित झाला. या स्त्रियांच्या तक्रारी डावलल्या गेल्या, असा निर्वाळा २०२० सालीं चौकशी समितीनें दिला. शस्त्रक्रिया सुधारत गेली. ऐकून घेण्याची विद्या मात्र मागेंच राहिली.