निन्टेंडो क्लासिक मिनी : मागणी आणि तुटवडा

जपानच्या निन्टेंडो कंपनीने नोव्हेंबर 2016 मध्ये विक्रीस आणलेले, तळहातावर मावणारे व्हिडिओ गेम यंत्र. 1983 मध्ये जपानात ‘फॅमिली कॉम्प्युटर’ ऊर्फ फॅमिकॉम आणि 1985 पासून अमेरिकेत ‘निन्टेंडो एंटरटेनमेंट सिस्टीम’ ऊर्फ एनईएस या नावाने विकल्या गेलेल्या यंत्राची ही लहान प्रतिकृती. मूळ यंत्राला दर खेळासाठी वेगळी कॅसेट लागे. मिनीत 30 खेळ आधीच भरलेले असून पुढचे झाकण नुसते शोभेचे आहे, ते उघडत नाही. आतला ऑलविनर कंपनीचा चार गाभ्यांचा प्रोसेसर, 256 मेगाबाइट रॅम आणि 512 मेगाबाइट फ्लॅश मेमरी हे सुटे भाग स्वस्त टॅब्लेटमध्ये सापडतात त्याच जातीचे आहेत. अमेरिकेत किंमत 60 डॉलर होती आणि सोबत एकच कंट्रोलर मिळे. त्याची वायर इतकी आखूड होती, जेमतेम पाऊण मीटर, की खेळणाऱ्याला टीव्हीपुढे जमिनीवरच बसकण मारावी लागे. एवढे साधे यंत्र 11 नोव्हेंबर 2016 रोजी अमेरिकेतल्या दुकानांत आले आणि हातोहात संपले. पुढचे अनेक महिने ते छापील किमतीला मिळणे दुरापास्त झाले आणि लिलावाच्या संकेतस्थळांवर दोनशे डॉलरच्या वर मागितले जाऊ लागले. हा तुटवडा मुद्दाम घडवला होता काय, हा वाद तेव्हापासून चालू आहे. उपलब्ध पुराव्यावरून पहिल्या हंगामातला तुटवडा भीतीपोटी आलेला दिसतो. कावा म्हणता येईल असे त्यात फारसे काही नाही. त्यानंतरचे निर्णय मात्र इतक्या सहजी माफ करण्याजोगे नाहीत.

मागणी कशाची होती, हे आधी पाहावे लागते. हे खेळ दुर्मीळ नव्हते. त्यांतले बरेचसे निन्टेंडोच आपल्या इतर यंत्रांवर सुटे सुटे, साधारण पाच डॉलरला एक या दराने विकत होती आणि संगणकावर फुकटात खेळण्याच्या वाटाही जुन्याच होत्या. तरीही लोक रांगा लावत होते, कारण त्यांना खेळांइतकीच ती वस्तू हवी होती : राखाडी पेटी, चौकोनी कंट्रोलर, दाबल्यावर खट् वाजणारे बटण. 1980 च्या दशकाच्या उत्तरार्धात जी मुले वाढदिवसाला हे यंत्र मागत होती, ती 2016 मध्ये चाळिशीच्या आसपास कमावती होती आणि 60 डॉलर ही त्यांच्या लेखी विचार करण्याजोगी रक्कम नव्हती. भारतातल्या वाचकाला याची दुसरी बाजू माहीत आहे. 1990 च्या दशकात महाराष्ट्रातल्या शहरी घरांत मारिओ किंवा काँट्रा खेळले गेले ते बहुतांशी फॅमिकॉमच्या नकलांवर, आणि अस्सल एनईएस कसे दिसते हे अनेकांनी कधी पाहिलेही नव्हते. मिनीच्याही नकला लगोलग निघाल्या. सहाशेवर खेळ भरलेली, दिसायला थेट तशीच यंत्रे अस्सलाच्या निम्म्याहून कमी किमतीत मुबलक मिळत होती. तरीही अस्सलाचा भाव उतरला नाही, म्हणजे मागणी नुसत्या विरंगुळ्याची नव्हती. अशी मागणी आगाऊ मोजणे कठीण असते.

इथेच कंपनीच्या बाजूचा हिशेब येतो. व्यवस्थापनशास्त्रात याला वृत्तपत्रविक्रेत्याचा प्रश्न म्हणतात : सकाळी किती अंक उचलायचे? कमी उचलले तर गिऱ्हाईक परत जाते, जास्त उचलले तर संध्याकाळी रद्दी उरते. मिनीच्या बाबतीत रद्दीचे भय मोठे होते. नेहमीचे कन्सोल कमी नफ्यात विकले तरी पुढे वर्षानुवर्षे खेळ विकून भरपाई होते. मिनीला ना कॅसेट लागते ना इंटरनेट, त्यामुळे एका ग्राहकाकडून एकदाच पैसे येतात. शिवाय त्यात कोनामी, कॅपकॉम, बंदाई नामको अशा इतर कंपन्यांचे खेळ होते, म्हणजे त्या पैशांत त्यांचाही वाटा. माल नाताळच्या हंगामासाठी होता आणि त्याच्या उत्पादनाचे आकडे कित्येक महिने आधी ठरवावे लागतात. निन्टेंडोचे त्या वेळचे मुख्य यंत्र, वी यू, पार आपटले होते. आधीचे वी दहा कोटींवर विकले गेले होते आणि वी यू आयुष्यभरात 1 कोटी 36 लाखांपाशी थांबले. त्या धक्क्यातून सावरणाऱ्या कंपनीने एका आठवणीवजा वस्तूची मोठी ऑर्डर दिली नाही, यात नवल नाही. जास्तीचा माल काय करतो, हे या धंद्याला ठाऊक आहे. 1983 मध्ये अटारीने न खपलेल्या कॅसेटी न्यू मेक्सिकोतल्या अलामोगोर्डो इथे पुरल्या आणि 2014 मध्ये त्या उकरून काढल्या गेल्या.

यावर नेहमीचा आक्षेप असा की निन्टेंडोची ही जुनीच खोड आहे. टंचाई ठेवायची आणि फुकटची जाहिरात मिळवायची. 1988 मध्येही चिपांच्या तुटवड्याचे कारण सांगून कॅसेटी रोखल्याचा आरोप कंपनीवर झाला होता. पण जाहिरातीचा उपयोग विकायला माल असेल तरच होतो. त्या नोव्हेंबरात अमेरिकेत मिनीची विक्री झाली 1 लाख 96 हजार, आणि 60 डॉलरच्या वरचा सगळा मलिदा गेला फेरविक्री करणाऱ्यांच्या खिशात. कंपनीला त्यातला एक पैसाही मिळाला नाही. यातले काही जण दुकानाचे संकेतस्थळ उघडताच माल उचलणारे बॉट वापरत होते. अशा बॉटांविरुद्ध अमेरिकेने 2016 अखेर केलेला कायदा कार्यक्रमांच्या तिकिटांपुरताच होता. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे : टंचाईमुळेच मागणी फुगली, एरवी कोणी ढुंकून पाहिले नसते. त्याला उत्तर जून 2018 ने दिले. मिनी पुन्हा विक्रीस आली, माल पुरेसा होता आणि तरीही त्या महिन्यात अमेरिकेत नगांच्या हिशेबाने सर्वाधिक खपलेले कन्सोल तेच ठरले. 1995 मध्ये अशी मोजदाद सुरू झाल्यापासून एनईएस नावाच्या यंत्राने पहिला क्रमांक मिळवण्याची ही पहिलीच खेप. दुकानात ढीग दिसत असतानाही लोक घेत होते.

मग सावधगिरी अनाठायी होती काय? सोनीचा अनुभव पाहिला तर तसे म्हणता येत नाही. 3 डिसेंबर 2018 रोजी सोनीच्या जुन्या यंत्राची अशीच लहान प्रतिकृती, प्लेस्टेशन क्लासिक, आली : 100 डॉलर, 20 खेळ. जपानातल्या मूळ प्लेस्टेशनच्या पदार्पणाचा तोच दिवस, मुहूर्त असा साधलेला. पण खेळांपैकी नऊ युरोपीय, 50 हर्ट्झच्या संथ आवृत्तीतले होते आणि कंट्रोलरला नंतर रूढ झालेल्या, अंगठ्याने फिरवायच्या दांड्या नव्हत्या. माल भरपूर होता. महिन्याभरात किंमत 60 डॉलरवर आली आणि पुढेही घसरत राहिली. जुन्या आठवणींवर वाटेल तेवढा माल खपतो हा समज तिथे मोडला. 2016 मध्ये निन्टेंडोला ज्याची धास्ती होती, नेमके तेच दोन वर्षांनी सोनीच्या वाट्याला आले.

निन्टेंडोचा खरा दोष एप्रिल 2017 मधला आहे. तोवर सुमारे 23 लाख यंत्रे विकली गेली होती, मागणी उघड दिसत होती आणि तरी कंपनीने उत्तर अमेरिकेतला पुरवठा बंद केला. हे उत्पादन मुळात एकाच हंगामापुरते होते, कंपनीची साधने अमर्याद नाहीत आणि आता लक्ष स्विच या नव्या कन्सोलवर आहे, असे अमेरिकेतले तेव्हाचे प्रमुख रेजी फिस-एमे यांचे स्पष्टीकरण होते. स्विच मार्चमध्येच आले होते आणि तेही पुरत नव्हते, तेव्हा हे कारण खोटे म्हणता येत नाही. पण ते अपुरे आहे. मागणी अज्ञात असताना हात आखडणे हा हिशेब झाला. ती सिद्ध झाल्यावर आखडणे हा हिशेब नव्हे. कंपनीने स्वतःच हे पुढे मान्य केल्यासारखे आहे. सप्टेंबर 2017 च्या शेवटी आलेल्या, त्याच धर्तीच्या 80 डॉलरच्या सुपर एनईएस मिनीसाठी तिने आधीच जाहीर केले की पहिल्याच दिवशीचा माल आदल्या वर्षभरातल्या एनईएस मिनीच्या एकूण मालापेक्षा जास्त असेल. त्याच महिन्यात एनईएस मिनी 2018 मध्ये परत येईल हेही सांगितले आणि फिस-एमे यांनी लिलावात जादा पैसे मोजू नका असे ग्राहकांना बजावले. सप्टेंबर 2018 अखेर दोन्ही मिनी मिळून विक्री एक कोटीच्या पुढे गेली.

या साऱ्यातून निघणारा निष्कर्ष काळ्याबाजाराविषयी आहे. फेरविक्री करणारा कमी मालावर जगतोच, पण त्याहून जास्त तो पुढची आवक केव्हा आणि किती हे कोणालाच ठाऊक नसण्यावर जगतो. पुढच्या महिन्यात दुकानात नक्की येणार असलेल्या वस्तूसाठी तिप्पट पैसे देणारे थोडेच असतात. 2016 मध्ये निन्टेंडोने कमी माल बनवला हे समजण्यासारखे आहे. तो पुढे किती येणार याबद्दल मौन पाळले हे नाही. सेगा कंपनीने 2022 मध्ये मेगा ड्राइव्ह मिनी 2 हे आपले असेच यंत्र आणताना उलटे केले. चिपांच्या टंचाईमुळे उत्तर अमेरिकेसाठीचा माल सेगाच्याच पहिल्या मिनीच्या सुमारे एक दशांशच असेल, हे कंपनीने विक्रीपूर्वीच सांगून टाकले.